आप्पांचं उरलेलं क्रियापद

मार्च लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसतात. द्राक्षांची टोपली आणि अकरावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. एकेक मणी तोंडात टाकत मी पेपर तपासते. कागदांना चिकट बोटं लागतात म्हणून घरचे कुरकुरतात, पण इतक्या वर्षांची सवय आता कुठली सुटायला! गंगापूर रोडच्या आमच्या खिडकीतून सकाळी अजून गार वारा येतो. अकरा वाजले की तोच वारा चटका देऊ लागतो. खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवर कडुनिंबाचा बारीक फुलोरा सांडलेला असतो आणि त्याचा कडसर गोड वास चौथ्या मजल्यापर्यंत चढून येतो.

या वर्षी तिसऱ्या गठ्ठ्यात एका मुलीने इंग्रजी निबंधात लिहिलं होतं की कंडक्टरने तिला बसमध्ये चढू दिलं नाही, म्हणून तिला परीक्षेला उशीर झाला. सांगायचं होतं एवढंच. पण चढू देण्यासाठी तिने उशिराचा 'लेट' लिहिला होता आणि उशिराच्या जागी देण्याचा. एल-ई-टी तिथे एल-ए-टी-ई, आणि एल-ए-टी-ई तिथे एल-ई-टी. आपण मराठी माणसं दोन्ही शब्द एकाच तोंडाने म्हणतो, देवनागरीत दोन्ही एकसारखेच लिहितो. तिच्या कानाला फरक कधी ऐकूच आला नसणार. मी लाल पेन टेकवलं, पण अर्धा गुण कापायला हात होईना. पेनाला टोपण लावलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच घरात, माझे वडील दिवसभर हा एकच शब्द म्हणत होते. त्यांच्याजवळ दुसरा शब्दच उरला नव्हता.

आप्पा नामपूरला शाळेत इंग्रजी शिकवायचे. सगळी नोकरी त्यांनी बागलाणातल्या त्या एकाच गावात केली. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे, अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. त्या जानेवारीच्या अखेरीला असाच वाचता वाचता पेपर त्यांच्या हातातून सुटला. माझा धाकटा भाऊ दिलीप शेतात निघाला होता. त्याने त्यांना आधी सटाण्याला आणि तिथून नाशिकला आणलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा व्यायाम करून घेणारे आणि बोलायला शिकवणारे दोघंही नाशिकलाच असल्यामुळे आप्पांना माझ्याकडे आणलं. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या रुमालाने त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ जुळवले आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "लेट."

मी आनंदाने ओरडलेच. दिलीपला फोन लावला, शेजारच्या काकूंना बोलावलं. आप्पा बोलले! संध्याकाळपर्यंत कळून चुकलं की पाण्यालाही लेट, भुकेलाही लेट, आणि खिडकीतल्या कबुतरालाही लेटच.

दिवसभर त्यांच्याजवळ बसायला कुसुममावशी येत. मूळच्या हरसूलच्या, पण कितीतरी वर्षं नाशिकच्या दवाखान्यांमधून रुग्णांची सेवा केलेल्या. त्यांनी आपला अर्थ लावला. "बाबांना आडवं व्हायचं हाय. दवाखान्यात ती हिंदीवाली पोरं म्हनायची ना, लेट जाव, लेट जाव, त्येच." आणि त्या पलंगाचा वरचा भाग खाली करत. आप्पा डाव्या हाताने गादीवर थापा मारू लागत. "नाय वो ताई," मावशी घाबरून म्हणत, "ह्ये काय येगळंच हाय. लय राग आला त्यान्ला."

मला वाटायचं, उशीर. दुसरं काय असणार? शाळेची घंटा होण्याआधी पाच मिनिटं फाटकाशी उभा राहणारा माणूस. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायची, "नाही आप्पा, उशीर नाही झाला. आज रविवार आहे." ते डोळे मिटून घ्यायचे. एखाद्या मुलाला चौथ्यांदा समजावूनही कळलं नाही की वर्गात ते असेच डोळे मिटून घेत.

बोलायला शिकवणाऱ्या मुक्ता मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या. माझ्या विद्यार्थिनींएवढी तरुण मुलगी, पण बोलणं शांत आणि नेमकं. त्या म्हणाल्या, "असं होतं, मॅडम. काही रुग्णांकडे एकच शब्द शिल्लक राहतो आणि ते तो सगळ्यासाठी वापरतात. त्या शब्दाचा अर्थ शोधू नका. आवाज कसा आहे, चेहरा कसा आहे, तिकडे बघा."

मी मान हलवली. पण सगळं आयुष्य शब्दांचे अर्थ सांगून पोट भरलेल्या बाईला कुणी सांगावं की या एका शब्दाचा अर्थ शोधू नकोस! त्यातून तो शब्द मला शिकवलेला त्यांनीच.

आठवीत मी आप्पांच्याच वर्गात होते. वर्गात त्यांना सर म्हणायचं, घरी आप्पा, असा करार होता. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीनच अक्षरं काढली, एल-ई-टी, आणि खडू खाली ठेवला. म्हणाले, "हे क्रियापद स्वतः काहीच करत नाही. दुसऱ्याला करू देतं." मग एकेकाला उभं करून वाक्यं करायला लावली. शेतकऱ्यांची मुलं ती. बैलाला पाणी पिऊ दे. आईला बसू दे. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, याला मराठीत काय म्हणायचं?" आप्पा म्हणाले, "मराठीत याला वेगळा शब्द नाही. आपण 'देणे'च वापरतो. पाणी देतो, भाकरी देतो, तसंच जाऊ देतो." पुढच्या तासाला भूमितीचे सर आले आणि त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढून 'समजा' म्हटलं. तेव्हा आप्पा दारातून परत फिरून म्हणाले, "बघा, इंग्रजीत इथेही तेच क्रियापद आहे. 'लेट एबीसी बी अ ट्रँगल', एबीसीला त्रिकोण असू दे, म्हणतात ते." भूमितीच्या सरांना हे फारसं आवडलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मला एम.ए. करायला नाशिकला यायचं होतं. आईचे सांधे तोवर पार धरले होते, तिला भाकरी थापता येत नव्हती. घरात धडधाकट बाईमाणूस मी एकटीच. आई चुलीपुढे बसून म्हणाली, "ती गेल्यावर कसं व्हायचं?" आप्पा दारात चपला घालत होते. ते मागे न वळता म्हणाले, "जाऊ दे तिला." तीनच शब्द त्यांच्या पाठीने म्हटलेले, तेवढ्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. कॉलेजातली नोकरी, हे घर, टेबलावरचे हे गठ्ठे. दिलीप तेव्हा बारावी झालेला, एकोणीस वर्षांचा. सैन्यात जायचं त्याच्या मनात होतं. त्याच वर्षी भरतीत धावण्यात पहिल्या पाचांत आला, डॉक्टरी तपासणीतही पास झाला. पण बोलावण्याचं पत्र उशिरा मिळालं, हजर व्हायची तारीख निघून गेलेली. मग तो शेतीतच राहिला. गेली कित्येक वर्षं आमच्या घरात हे असंच सांगितलं जात होतं.

मार्चच्या मध्याला परीक्षा सुरू झाल्या. एका दिवशी पर्यवेक्षणाची माझी पाळी दुपारची होती, म्हणून सकाळी ग्रंथालयात जाऊन बसले आणि तो जाड, अनेक खंडांचा इंग्रजी कोश काढायला लावला. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, पेपरात चूक निघाली की काय?" मी म्हटलं, "नाही, घरचं काम आहे."

तीन अक्षरांच्या त्या क्रियापदाने कोशाची पानंच्या पानं व्यापली होती. परवानगी देणे. सोडणे. भाड्याने देणे, नाशिकच्या बंगल्यांच्या फाटकांवर ज्याच्या 'टू लेट' अशा पाट्या लोंबतात तो. या सगळ्या अर्थांच्या शेवटी, वेगळ्या आकड्याखाली, आणखी एक लेट होता. जुना, वापरातून गेलेला, आणि अर्थाने अगदी उलटा. अडवणे. हरकत घेणे. हा शब्द मी आधी पाहिलेला होता. आपल्या पासपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की हा बाळगणाऱ्याला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. माझ्या मुलीच्या पासपोर्टवर ती ओळ मी कितीदा वाचली असेन, पण त्यातला लेट म्हणजे अडथळा, हे कधी मनात थांबून पाहिलं नव्हतं. टेबल टेनिसच्या सर्व्हिसमध्ये चेंडू जाळीला घासून पलीकडे गेला की पंच ओरडतात, तोही हाच.

हजार वर्षांपूर्वी ही दोन वेगळी क्रियापदं होती, उच्चारात थोडासा फरक असलेली. बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजत झिजत दोन्ही एकसारखी झाली आणि मग बिचाऱ्या अडवणाऱ्याने माघार घेतली. पण मी बोट ठेवून थांबले ते दुसऱ्याच ओळीवर. हा अडवणारा लेट बनला होता उशिराच्या लेटपासूनच. एखाद्याला अडवणं म्हणजे मुळात त्याला उशीर करवणं. आणि खाली, अगदी बारीक अक्षरांत, या सगळ्यांचं मिळून एक फार जुनं मूळ दिलेलं होतं. अर्थ होता, सैल पडणे, थकून हातातलं सोडून देणे. जाऊ देणारा, अडवणारा, उशीर झालेला, सगळे एका थकव्याची लेकरं. इंग्रजीतला 'लास्ट', शेवटचा, तोही त्यांच्यातलाच. सगळ्यांत जास्त उशीर झालेला तो शेवटचा. आणि माणूस गेला की फॉर्मवर त्याच्या नावाआधी जे लेट लिहायचं असतं, तेही त्याच घरातलं. तिथे मी कोश मिटला.

महिनाअखेरीला आप्पांचं गिळणं बिघडलं. पाण्याच्या घोटाला ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे. एकदा छातीत कफ भरला आणि चार दिवस पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर भले होते. त्यांनी मला बसवून सांगितलं की पोटातून नळी घालून अन्न देता येईल, मात्र मग शहरात, डॉक्टरांच्या आवाक्यात राहायला हवं. "घाई नाही. पण या आठवड्यात ठरवा."

नळी घालायची, हे मी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं. दिलीपला फोनवर फक्त कळवलं.  तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "ताई, आप्पासले घर लई जाऊत."

"घरी नेऊन काय करायचं? तिथे कोण आहे? ठसका लागला तर सटाण्याला पोचेपर्यंत काय होईल, कळतंय का तुला?"

"मी शे ना आठे."

"तू आहेस, पण डॉक्टर आहेस का?"

तो चिडला नाही. दिलीप चिडत नाही, हेच त्याचं अवघड आहे. एवढंच म्हणाला, "त्यासले इचारं का कोनी?"

मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्यवेक्षणासाठी कॉलेजात पोचले, तर फाटकाजवळच्या बाकावर दिलीप बसलेला. उन्हाळी कांद्याची काढणी ऐन भरात होती. मजूर मिळत नव्हते, मिळालेले सोडून तो सकाळच्या एसटीने आला होता. शर्टाला, हातांना कांद्याचा वास. घरी आप्पांसमोर वाद नको, म्हणून इथे आलो, म्हणाला. पेपरला अजून अर्धा तास होता. मी त्याच्याशेजारी बसले. कोशात सापडलेलं सांगायला लागले. भांडण टाळायचं असलं की मी शिक्षिका होते. देणारा लेट, अडवणारा लेट, उशिराचा लेट. तो नीट ऐकत होता. माझ्यानंतर आठवीत आप्पांच्या वर्गात तोही होता.

"म्हंजे अडावनं आनि उशीर करानं एकच?" त्याने विचारलं.

"मुळात एकच."

खाली पडलेली एक काडी उचलून तो तिचे तुकडे करत राहिला. मग काडीकडेच पाहत म्हणाला, "ते भरतीनं पत्र उशिरा नही उनं व्हतं, ताई. येळवर उनं व्हतं. आप्पासनी ठेवी लिधं."

वेळेवर आलेलं पत्र आप्पांनीच ठेवून घेतलं, हे मला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. आप्पांनी त्याच्या हातात पत्र दिलं तेव्हा हजर व्हायची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. आप्पा म्हणाले, टपाल लेट झालं रे. दिलीपने पाकीट उलटून पाहिलं, तर त्यावर आपल्याच नामपूरच्या पोस्टाचा शिक्का, वीस दिवस आधीचा. गावातलं पोस्ट आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

"तू विचारलं नाहीस त्यांना?"

"काय इचारू? आईनी तब्येत तशी. तू नाशिकले. कोनी तरी ऱ्हावाले पाहिजे व्हतं."

"मला तरी सांगायचंस."

"सांगीसन काय? तू परत येती." त्याने काडीचा शेवटचा तुकडा टाकून दिला. "मंग दोन्हीसनं वाया जातं."

परत आले असते, तर दोघांचंही वाया गेलं असतं. एकोणिसाव्या वर्षी त्याने हा हिशेब केला होता, आणि मी त्याच्या लग्नात, मुलांच्या बारशात, दर दिवाळीत त्याला सांगत आले होते, दिलीप, तुझं नशीबच बघ कसं. टपाल आठ दिवस आधी आलं असतं तर!

घंटा झाली. मला जावं लागलं. तीन तास मी चाळीस मुलांच्या मधून येरझारा घालत होते. पंख्यांची घरघर, पेनांची कुरकुर. मधेच एका मुलीने पुरवणी मागितली आणि मी तिच्याकडे नुसतं पाहत राहिले, तिने दुसऱ्यांदा हात वर करेपर्यंत. मला जाऊ दिलं म्हणून त्याला अडवलं. एकाच घरात, एकाच वर्षी, एकाच माणसाने. आणि मी आजवर त्या माणसाच्या तीन शब्दांवर जगत आले, ते पूर्ण वाक्य नव्हतंच. अर्धं वाक्य दिलीपजवळ होतं.

पेपर गोळा करून बाहेर आले, तर तो तिथेच बसलेला. मी विचारलं, "आप्पा तेच म्हणतायत, असं वाटतं तुला? त्या पत्राचं?"

"मले काय माहीत?" तो उठून उभा राहिला. "मले ते आयकानंबी नही. मले फक्त त्यासले घर लई जावानं शे."

मुक्ता मॅडमना विचारलं, की ज्याला हो-नाही सांगता येत नाही त्याला विचारायचं कसं. त्यांनी पद्धत सांगितली. दोन फोटो घ्या, एक नामपूरच्या ओट्याचा, एक तुमच्या इथल्या खोलीचा. वेगवेगळ्या वेळी दाखवा. दर वेळी डावं-उजवं बदला. एकदा हात ठेवला म्हणून लगेच उत्तर धरू नका.

तीन दिवस आम्ही विचारलं. दिलीप थांबला होता. तिन्ही दिवस, सकाळी आणि दुपारी, आप्पांनी डावा हात नामपूरच्या ओट्यावर ठेवला. चौथ्या दिवशी दिलीप आणि मावशी स्वयंपाकघरात असताना मी एकटीच फोटो घेऊन बसले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या खोलीचा फोटो मी त्यांच्या हाताला लागेल असा अगदी जवळ ठेवला आणि ओट्याचा पार पलंगाच्या टोकाला. आप्पांनी फोटोंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलला, जवळच्या फोटोवरून पुढे नेला, आणि खांदा थरथरत असतानाही तो लांबचा फोटो गाठला. मी रडायला लागले तेव्हा तेच म्हणाले, "लेट." हलक्या आवाजात. त्या दिवशी मात्र मला अर्थ शोधावासा वाटला नाही.

नळी दाखवली तेव्हा त्यांनी मान फिरवली, दोनदा. डॉक्टरांनी सगळं तपासलं, आमच्याशी, त्यांच्याशी बोलले आणि म्हणाले, "ठीक आहे. बसवून, घट्टसर, थोडं थोडं भरवा. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, दिवस कमी मिळतील. पण त्यांच्या मनासारखे मिळतील." भरवायचं कसं, हनुवटी कशी खाली धरायची, ते त्यांच्या नर्सनी दिलीपला शिकवलं. तो पुन्हा पुन्हा करून दाखवत होता, भरतीच्या मैदानावर उभा असल्यासारखा ताठ.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. देवळ्यानंतर रस्त्याला कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि रुग्णवाहिकेच्या बंद काचांतूनही तो उग्र वास आत आला. आप्पांनी नाक वर करून तो घेतला. मोसम नदी ओलांडली, घर आलं. दिलीपने त्यांना दोन्ही हातांवर उचलून ओट्यावरच्या पलंगावर ठेवलं. "घर उनं, आप्पा."

मी रजा काढली होती. पेपरांचा गठ्ठा बरोबर आणला होता, तो ओट्यावर त्यांच्या पायाशी बसून तपासायची. गावातले जुने विद्यार्थी भेटायला येत. कुणी व्यापारी, कुणी आजोबा झालेला. दुपारचे चार वाजले असले तरी येणारा प्रत्येकजण चपला काढून ताठ उभा राहायचा आणि म्हणायचा, "गुड मॉर्निंग, सर." आप्पा डावा हात खाली करायचे. बसा.

एका सकाळी दिलीप त्यांची दाढी करत होता. मी दारात चहा घेऊन उभी. अर्ध्या गालाला साबण होता. आप्पांनी एकदम दिलीपचं मनगट धरलं आणि म्हणाले, "लेट." दिलीप थांबला. "लेट. लेट." आवाज चढत गेला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते साबणात मिसळून मानेवर ओघळत होतं. दिलीपने वस्तरा बाजूला ठेवला. मनगट सोडवून घेतलं नाही.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. मले माहीत शे."

 मग आप्पांची पकड सैल झाली आणि दिलीपने उरलेली दाढी केली, हळूहळू, कानाच्या पाळीपर्यंत.

आप्पा खरंच ते पत्र सांगत होते का? मला माहीत नाही. कदाचित वस्तरा लागला असेल. मुक्ता मॅडमचं म्हणणं मी विसरले नव्हते, आणि त्यानंतरही आप्पा चहाला लेट म्हणाले, कावळ्याला लेट म्हणाले, मी चुकून त्यांच्या चादरीवर शाई सांडली तेव्हाही तेच म्हणाले. पण दिलीपला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. पोटात इतकी वर्षं दाबून ठेवलेलं त्याने माफीच्या भाषेत सांगितलं नाही, रागाच्याही नाही. एखाद्याने जड पिशवी उचलू लागावं आणि आपण म्हणावं, राहू द्या, मी घेतो, तसं म्हणाला.

त्यानंतर ते दोन आठवडे होते. खाणं कमी कमी होत गेलं. वाटीभर पेज, मग अर्धी वाटी, मग चार चमचे. शेवटच्या सकाळी दिलीप भरवत होता. पहिला चमचा गेला. दुसऱ्याला त्यांनी ओठ मिटले. दिलीपने चमचा तसाच धरला, वाट पाहिली, पुन्हा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. जिभेच्या टोकावर माझं वाक्य आलं होतं, अजून एकच, आप्पा. मी ते गिळलं. दिलीपने त्यांचं तोंड पुसलं, वाटी झाकून ठेवली आणि थोडा वेळ त्यांच्या पायांवर हात ठेवून बसला. मग शेतात गेला, कारण शेवटच्या वाफ्यातला कांदा निघायचा होता आणि बाया येऊन थांबल्या होत्या.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्यांचा श्वास लांबत गेला. दोन श्वासांच्या मध्ये मी अंक मोजायला लागले आणि मग मोजायचं थांबवलं. दिलीपची बायको सरला त्यांच्या उशाशी होती. तिने तोंडात पाण्याचा थेंब सोडला, तो ओठांच्या कडेने बाहेर आला. तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, त्यांना बोलवा," ती म्हणाली.

फोन हातात होता, पण फोनवर सांगवेना. तशीच अनवाणी निघाले. बांध तापलेला, पायांना चटके बसत होते. शेतात बाया ओळीने बसून विळ्यांनी कांद्याच्या वाळल्या पाती छाटत होत्या. दिलीप ढिगाशी उकिडवा बसून चांगला कांदा वेगळा काढत होता. त्याने मान वर केली आणि मला भर उन्हात येताना पाहिलं.   हातातला कांदा त्याने टाकला नाही, वाकून ढिगावर अलगद ठेवला, तळवे पँटला पुसले आणि उठला.

आम्ही बांधावरून घराकडे चालू लागलो, तो पुढे, मी मागे. पाठीमागे विळ्यांचा आवाज एकेक करून थांबत गेला.